एका अभिजात रेकॉर्डची चौकशी

रेकॉर्ड उन्हात ठेवू नये, ही गोष्ट मापेसाहेबांना माहीत नव्हती असं कोणी म्हणू नये. गेली वीस वर्षं ते हेच दुसऱ्यांना सांगत आले होते, आणि बहुतेक वेळा कोणी विचारलेलं नसताना सांगत आले होते. तरीही त्या सकाळी त्यांनी गच्चीवर रेकॉर्ड उन्हात ठेवली, ती अज्ञानामुळे नव्हे, सल्ल्यामुळे. अज्ञानातून माणूस एक वेळ वाचतो, सल्ल्यातून वाचणं कठीण असतं.

सल्ला खालच्या काकांचा. खालचे काका म्हणजे तळमजल्यावरचे निवृत्त गृहस्थ. त्यांना कळत नाही असा विषय अजून निघायचा आहे. रेकॉर्डला बाक आला होता, प्लेअरवर फिरताना ती वरखाली व्हायची आणि सुई हेलकावे खायची. "त्यात काय एवढं, साहेब!" काका म्हणाले. "दोन काचांच्या मध्ये घाला, वर जाडजूड पुस्तक ठेवा, पंधरा मिनिटं कोवळं ऊन द्या. इस्त्री केल्यासारखी सरळ होते. माझ्या मेहुण्याने केलंय." मेहुण्याने नक्की काय केलं होतं आणि पुढे त्या रेकॉर्डचं काय झालं, हे विचारायचं राहून गेलं.

पंधरा मिनिटं झाली असती तर झालीही असती सरळ, कोण जाणे. पण मापेसाहेब वजनमापे खात्यात निरीक्षक. (नावाऐवजी ‘मापेसाहेब’ पडलं ते त्यामुळेच. सख्खी बहीणसुद्धा पत्रावर तेच लिहिते.) नेमका ऑफिसातून फोन आला, की सील केलेल्या तराजूचा नंबर एक आणि रजिस्टरातला नंबर दुसरा. हा प्रश्न सुटायला सव्वा तास लागला. गच्चीवर परत येऊन बघतात तो वरची काच घसरलेली, पुस्तक एका अंगाला पडलेलं आणि रेकॉर्डचा वाडगा झालेला. वाडगा म्हणजे अगदी वाडगा, चहूबाजूंनी सारख्या उंचीचा. मधलं भोक नसतं तर त्यात चौघांचं सूप सहज मावलं असतं.

आता मापेसाहेबांच्या कपाटात अकराशे रेकॉर्डी होत्या. त्यातली कुठलीही वाकली असती तर त्यांनी आठ दिवस सुतक पाळून विषय संपवला असता. पण ही त्या अकराशेतली नव्हती. ही बायकोच्या कपड्यांच्या कपाटातली होती.

वहिनी (सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणते, आपणही तेच म्हणू) लग्नाआधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. एक्स्चेंजला पंचवीस वर्षं झाली तेव्हा तिथल्या आठ ऑपरेटर मुलींनी मिळून आठ गाण्यांची एक रेकॉर्ड काढली होती. नाव, ‘आवाज येतोय का?’. कव्हरवर टेलिफोनचं चित्र आणि खाली बारीक अक्षरांत ‘गायन : आठ ऑपरेटर’, बस्स. मापेसाहेबांनी ती लग्नानंतर एकदा ऐकली होती, "छान आहे हो" असं म्हटलं होतं आणि आपल्या सूचीत घेतली नव्हती. संग्राहकांच्या भाषेत तिला घरगुती माल म्हणतात.

पण वहिनींनी आठवड्यापूर्वीच जाहीर केलं होतं, "वर्षअखेरीला आम्ही आठही जणी आपल्याकडे जमणार आहोत. तीस वर्षांनी. एकीने तर परदेशाहून यायचं तिकीटसुद्धा काढलं. रेकॉर्ड लावायची आहे, तेवढी जरा नीट वाजेल असं बघा. फार डुलते ती." वीस वर्षांत बायकोने त्यांच्या छंदाकडे मागितलेलं हे पहिलं आणि एकमेव काम. आणि त्याचा वाडगा झाला होता.

शूर माणसाने अशा वेळी काय करावं याबद्दल मतभेद असतील. मापेसाहेबांनी साधारण तितक्याच वजनाची दुसरी रेकॉर्ड त्या कव्हरात घातली, कव्हर साड्यांखाली जसंच्या तसं ठेवलं, वाडगा आपल्या चामडी बॅगेत टाकला आणि दुसरी प्रत शोधायला बाहेर पडले. हातात सात महिने होते. बायकोला सांगण्यापेक्षा सात महिने हिंडणं त्यांना सोपं वाटलं.

आणि गंमत बघा, पहिल्याच दुकानात रेकॉर्ड समोर! पुलाजवळच्या जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात ‘काहीही घ्या’ असं लिहिलेलं एक खोकं असतं, त्यात वरच पडलेली. तिथल्या तिथे उचलली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण कव्हरचा एक कोपरा फाटलेला होता, आणि तीन ठिकाणी पाहिल्याशिवाय काही घ्यायचं नाही हा मापेसाहेबांचा खात्यातला शिरस्ता. शिवाय एवढ्या मोठ्या संग्राहकाने ‘काहीही घ्या’च्या खोक्यात हात घातलेला कोणी पाहिला असता तर? "येतो फिरून," ते दुकानदाराला म्हणाले आणि निघाले.

त्या दिवशी त्यांनी, ओळखीची टाळून, अकरा दुकानं पालथी घातली. बायकोपर्यंत बातमी जाऊ नये म्हणून प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य. "‘आवाज येतोय का?’ नावाची रेकॉर्ड आहे? नाही नाही, मला नकोय. सहज चौकशी." आता अनोळखी माणसाने सरकारी थाटात काउंटरवर बॅग ठेवून ‘सहज चौकशी’ म्हटलं, की दुकानदाराला काय वाटतं ते दुकानदारालाच ठाऊक. ते वाक्य तो जन्मात विसरत नाही. अकरा जणांपैकी एकही विसरला नाही.

दुसऱ्या दिवशी ते पुलाजवळ परत गेले, तर खोकं होतं, रेकॉर्ड गेली होती.

रविवारी सकाळी नेहमीची बैठक होती. चष्मेवाल्याचं दुकान रविवारी बंद असतं, म्हणून मागच्या खोलीत, डोळे तपासायच्या तक्त्याखाली, चौघे जमायचे. स्वतः चष्मेवाला, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, मापेसाहेब आणि अध्यक्षस्थानी दातांचे डॉक्टर. अध्यक्ष कोणी निवडले होते हे कोणाला आठवत नव्हतं, पण ते अध्यक्ष होते. बैठकीचा विषय बारा महिने एकच असायचा, यंदा मंडळ कुठली रेकॉर्ड काढणार?

रेकॉर्ड मंडळ दरवर्षी एक जुनी, गाजलेली, बाजारातून नाहीशी झालेली रेकॉर्ड ‘अभिजात’ म्हणून पुन्हा नव्याने काढतं. नाव शेवटपर्यंत गुप्त. सभासदांनी कूपनवर अंदाज लिहून पाठवायचा, ज्याचा बरोबर अंदाज सगळ्यात आधी पोचेल त्याला एक नंबरची प्रत. या चौघांचा अंदाज नऊ वर्षांत एकदाही बरोबर आला नव्हता. नाव जाहीर झालं की डॉक्टर दरवर्षी म्हणत, "मी हेच लिहिणार होतो."

"यंदा मात्र सापडलं," डॉक्टर त्या रविवारी दार लावून घेत म्हणाले. "मूळ टेपा कुठे शिल्लक असतात? म्हणून मंडळाला बाजारातून जुन्या चांगल्या प्रती गोळा कराव्या लागतात. गुपचूप. तर मंडळाचा माणूस गावात फिरतोय! अकरा दुकानं केलीन एका दिवसात. उंच, भारदस्त, हातात चामडी बॅग. आणि म्हणतो काय, तर मला नकोय, सहज चौकशी!"

मापेसाहेबांचा चहा घशातल्या चुकीच्या रस्त्याने गेला. मास्तरांनी पाठ थोपटली.

‘अहो, तो मीच,’ एवढं म्हणायला दोन सेकंद पुरले असते. पण मग का, कशासाठी, हे आलं, वाडगा आला, आणि चष्मेवाल्याची बायको वहिनींची मैत्रीण. शिवाय ‘भारदस्त’ हा शब्द. परक्या माणसाने आपल्या पाठीमागे आपल्याला भारदस्त म्हणावं असं आयुष्यात किती वेळा होतं? मापेसाहेबांनी कप पुन्हा तोंडाला लावला.

डॉक्टरांनी पिशवीतून जपून एक कव्हर काढलं. कोपरा फाटलेला. मापेसाहेबांनी तो लगेच ओळखला.

"आवाज येतोय का," मास्तरांनी वाचलं. "कशी आहेत गाणी?"

"ऐकली नाहीत. अहो, अशा वस्तू उघडायच्या नसतात," डॉक्टर म्हणाले, आणि न ऐकलेल्या त्या रेकॉर्डवर वीस मिनिटं बोलले. समूहगानातला मैलाचा दगड वगैरे. मापेसाहेबांना ती गाणी थोडीफार आठवत होती, त्यामुळे त्यांना ते फारच जड गेलं.

"मला विकाल का?" निघताना त्यांनी हळूच विचारलं.

डॉक्टर दयेने हसले. "मापेसाहेब, राग मानू नका, पण ही तुमच्या अंगणातली गोष्ट नाही. त्याला कान लागतो."

हे ऐकून त्यांना जे वाटलं ते लिहिण्यात अर्थ नाही. अंगणातलीच काय, साड्यांच्या कपाटातली गोष्ट होती ती!

पुढच्या दोन महिन्यांत काय झालं ते कोणाला थांबवता आलं नाही. चष्मेवाल्याने दोन प्रती मिळवल्या. मास्तरांनी एक मिळवली. ही बातमी डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या प्रत्येक रोग्यापर्यंत पोचली, आणि तोंड उघडं असलेला माणूस नाही कसं म्हणणार? दुकानदार आता रेकॉर्डचं नाव काढताच आत जाऊन आजचा भाव विचारून येऊ लागले. एका साप्ताहिकात ‘विस्मरणात गेलेला ठेवा’ म्हणून लेख आला. लेखकानेही ती ऐकली नसावी, कारण त्याने त्यातल्या बासरीचं कौतुक केलं होतं आणि तिच्यात बासरी नव्हती. जो तो शोधत होता, आणि ज्याच्यामुळे शोधत होते त्याच्याकडे तेवढा वाडगा होता.

दाढदुखीचं निमित्त करून मापेसाहेब एकदा डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले, एकट्यात गाठून पुन्हा विनंती करू म्हणून. पण विनंतीला सुरुवात करायच्या आत कापसाचे बोळे तोंडात गेले. अर्ध्या तासाने ते बाहेर आले तेव्हा रेकॉर्ड मिळाली नव्हती आणि एक दाढ गेली होती. ती दुखत नव्हती हे सांगायची आता सोय नव्हती.

मग शेवटी त्यांनी तेच केलं जे सगळे करायच्या बेतात होते. कूपन भरलं. ही अफवा आपणच उठवली हे त्यांना पक्कं माहीत होतं, पण इतकी शहाणीसुरती माणसं सांगतायत म्हटल्यावर आपलंच चुकत असेल असं त्यांना वाटू लागलं होतं. कदाचित खरोखरच मंडळाचा दुसरा एखादा भारदस्त माणूस फिरत असेल! तसं झालं तर नवी कोरी प्रत वर्षअखेरीच्या आत घरात येणार होती, आणि वहिनींना कधीच काही कळणार नव्हतं.

मंडळाच्या कचेरीतल्या कारकुनाने कूपन वाचलं आणि परत केलं. "हे नाव यादीत नाही."

"कसली यादी?"

"ज्यांचा अंदाज करता येतो त्या रेकॉर्डींची."

"बघायला मिळेल?"

"ती गोपनीय आहे."

एकोणतीस वर्षं मापेसाहेब काउंटरच्या आतल्या बाजूला होते. बाहेरून काउंटर एवढा उंच दिसतो हे त्यांना त्या दिवशी समजलं. पण ते काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. घरी येऊन त्यांनी तीन प्रतींत अर्ज लिहिला. विषय, संदर्भ (‘आपण दिलेला तोंडी नकार’), सोबत कूपन, आणि शेवटी, ‘नकार कोणत्या नियमान्वये दिला ते लेखी कळवावे.’ दुसऱ्या दिवशी आवक क्रमांक घेऊन, तारखेचा शिक्का मारून घेऊन, वर शिक्का पुसट आला म्हणून पुन्हा मारून घेऊन ते परतले. कारकून त्यांच्याकडे आदराने बघत होता. त्यानंतर म्हणे तेच नाव लिहिलेली इतकी कूपनं येऊ लागली, की त्याने नाही म्हणायचं सोडून ती सरळ एका पोत्यात टाकायला सुरुवात केली.

नाव जाहीर व्हायच्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर मंडळाचे चिटणीस, सडपातळ आणि घाबरलेले.

"यंदा तीनशे एक्केचाळीस कूपनं आली," ते म्हणाले. "त्यातल्या तीनशे अडतीसांवर एकच नाव आहे. खरं सांगायचं तर समितीने दुसरीच रेकॉर्ड निवडली होती. हे नाव समितीत कोणी ऐकलेलंच नव्हतं. पण सर्व जाणकार एकमुखाने एखाद्या रेकॉर्डला अभिजात म्हणतात आणि ती समितीलाच माहीत नाही, हे बरं दिसत नाही. तेव्हा काल तातडीची बैठक घेऊन असं ठरलं, की समितीचं पहिल्यापासून हेच मत होतं."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की विचारू नका. डॉक्टर उभे राहून चारही बाजूंना नमस्कार करत होते. मापेसाहेबांचे डोळे भरून आले. सुटलो रे बाबा, असं त्यांना मनापासून वाटलं.

"मात्र दोन अडचणी आहेत," चिटणीसांनी हात वर केला. "मूळ टेप नाही. नवी काढायची तर एक स्वच्छ प्रत पाहिजे. आणि गायिकांपैकी निदान एकीची लेखी संमती. कव्हरवर नावं नाहीत, एक्स्चेंज बंद पडून जमाना झाला. आठ दिवसांत दोन्ही मिळालं नाही, तर मूळ ठरलेली रेकॉर्ड काढावी लागेल."

"प्रत माझ्याकडे आहे!" म्हणत डॉक्टर व्यासपीठावर चढले. सगळ्यांसमोर त्यांनी फाटक्या कोपऱ्याच्या कव्हरातून पहिल्यांदाच रेकॉर्ड बाहेर काढली आणि स्वतःच्या हाताने प्लेअरवर ठेवली. क्षणभर खरखर झाली, आणि मग एक करडा पुरुषी आवाज घुमला, "खाली बस!"

पुढच्या दोन रांगांतले उभे असलेले लोक खाली बसले.

"शाब्बास," आवाज म्हणाला. "आता पंजा दे."

ती कुत्र्याला शिस्त लावायची रेकॉर्ड होती. कोणी कधी कव्हरं बदलली देव जाणे. डॉक्टरांनी सुई उचलली तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. तरी मापेसाहेबांनी तो नीट बघून घेतला, दाढेच्या जागी जीभ फिरवत.

चष्मेवाल्याच्या दोन्ही प्रतींवर ओरखडे निघाले. मास्तरांची प्रत झिजलेली होती. "मी रोज ऐकतो हो," मास्तर ओशाळून म्हणाले. "तिसरं गाणं फार चांगलं आहे." अख्ख्या सभागृहात ती रेकॉर्ड ऐकलेला हा दुसरा माणूस.

"आणि संमती?" चिटणीसांनी विचारलं. "यातल्या एखाद्या बाईंचा पत्ता कोणाला आहे?"

मापेसाहेबांनी मांडीवरची बॅग जवळ ओढली. पत्ता होता. सभागृहापासून वीस मिनिटांवर, दुसरा मजला, डावीकडचं दार. पण तो सांगायचा म्हणजे घरी जाऊन बायकोकडे सही मागायची, आणि सही मागायची म्हणजे वाडगा दाखवायचा. गप्प बसलं तर रेकॉर्डही गेली आणि वर्षअखेरीला आठ बायकांसमोर कव्हर उघडायचं. त्यातून मास्तरांचं ते तिसरं गाणं. तिसरं गाणं कुठलं, हे त्यांना आठवेना. बायको त्यात गायली होती आणि यांना ते आठवत नव्हतं. या एका गोष्टीची त्यांना आतून लाज वाटली. ते उठून उभे राहिले.

"संमती मी आणतो."

"तुम्ही?" डॉक्टर म्हणाले. "तुमचा काय संबंध?"

"त्या आठांतली एक माझी बायको आहे."

इतक्यात मागून पुलाजवळचा दुकानदार ओरडला, "अहो, हाच! हाच तो मंडळाचा माणूस! चामडी बॅग!"

डॉक्टरांचं तोंड उघडं राहिलं. "म्हणजे... आम्ही सगळे... तुमच्या मागे..."

"मी फक्त चौकशी केली," मापेसाहेब भारदस्तपणे म्हणाले आणि बाहेर पडले.

घरी पोचेपर्यंत भारदस्तपणा उतरला होता. वहिनी टेबलाशी बसून शिवणाच्या सुईत दोरा ओवत होत्या. मापेसाहेबांनी बॅग उघडून वाडगा त्यांच्यासमोर ठेवला आणि डोळे मिटून सगळं सांगितलं. गच्ची, काका, काच, अकरा दुकानं, दाढ, पोतं, कुत्रा. मध्ये एकदाही थांबले नाहीत, थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

वहिनींनी वाडगा हातात घेऊन फिरवला. मधल्या कागदावर नाव अजून वाचता येत होतं.

"पाच महिने," त्या म्हणाल्या. "अहो, पाच महिने तुम्ही गावभर विचारत फिरलात. परक्या दुकानदारांना विचारलंत. दाताच्या डॉक्टरला विचारलंत. मला विचारायला काय झालं होतं?"

"तू चिडली असतीस."

"चिडलेच असते! आत्ताही चिडलेय!" त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. "पण रेकॉर्ड मोडली म्हणून नाही. तुमच्या त्या अकराशे रेकॉर्डींत हिला तुम्ही एक फळी दिली नाहीत, त्याचं मला जास्त लागलं होतं. कधी बोलले नाही, इतकंच."

"चुकलं माझं," मापेसाहेब म्हणाले. यात तीन प्रती लागल्या नाहीत.

वहिनींनी नाक पुसलं आणि फोन उचलला. "सुपरवायझर बाईंना विचारते, आमच्या आठांतल्याच त्या. अहो, तेव्हा दोनशे काढल्या होत्या, विकल्या गेल्या जेमतेम चाळीस. उरलेल्या सगळ्या बाईंच्या घरी गेल्या. त्यांचा पलंग त्या खोक्यांवरच उभा आहे तीस वर्षं!"

मापेसाहेब खुर्चीत बसले. एकशे साठ नव्या कोऱ्या, न वाजलेल्या, सुईचा स्पर्श न झालेल्या प्रती, आणि त्यांच्यावर गादी घालून एक म्हातारी बाई सुखाने झोपत होती. एका फोनचं काम होतं.

प्रत मिळाली, पण सहीचं काम इतकं सरळ झालं नाही. वहिनींनी अट घातली, कव्हरवर आठही जणींची नावं पाहिजेत, पूर्ण, आणि लांबून वाचता येतील अशी. चिटणीसांनी फोनवर सांगितलं, की नियमाप्रमाणे एकाच मुख्य गायिकेचं नाव घालता येतं. "थांबा हं, लाइनवरच राहा," वहिनी म्हणाल्या, आणि फोन टेबलावर ठेवून त्यांनी उरलेली अख्खी शिवण पुरी केली. बारा मिनिटांनी फोन पुन्हा कानाला लावला तेव्हा चिटणीस लाइनवरच होते आणि नियम बदललेला होता. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत मापेसाहेबांनी असा निकाल लागलेला पाहिला नव्हता. ते दारात उभे राहून बायकोकडे बघतच राहिले.

एक नंबरची प्रत कोणाला, यावरून मंडळात दोन बैठका झाल्या. डॉक्टरांचं म्हणणं, अंदाज पहिला त्यांचा. पण पोत्यातल्या तीनशे सदतीस कूपनांवर तारीख नव्हती. आवक क्रमांक आणि शिक्का होता तो फक्त एका कूपनावर, आणि तोही दोनदा मारलेला. नऊ वर्षांत चौघांपैकी कोणाला न मिळालेली एक नंबरची प्रत वर्षअखेरीच्या दोन दिवस आधी दुसऱ्या मजल्यावर, डावीकडच्या दारात येऊन पोचली. मापेसाहेबांनी ती न उघडता वहिनींच्या हातात दिली. वहिनींनी कव्हरवर आपलं नाव बोटाने एकदा वाचलं, मग बाकीची सात वाचली आणि म्हणाल्या, "बाईंच्या नावातली वेलांटी बरोबर आलीय, नाहीतर त्यांनी रेकॉर्ड परत पाठवली असती."

आणि मग बाकीच्या सात जणी आल्या. काठी टेकत सुपरवायझर बाई, परदेशातली ती एक, कोणाचे गुडघे, कोणाचं कानात यंत्र. दिवाणखान्यात खुर्च्या पुरेनात म्हणून खालच्या काकांनी आपल्या आणून दिल्या. काकांनी रेकॉर्ड कशी जपावी याबद्दल बोलायला तोंड उघडलं, तेव्हा मापेसाहेबांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. चष्मेवाला आणि मास्तर आले. दातांचे डॉक्टरही आले, सह्या घ्यायला, हातात तीनशे नव्वद नंबरची प्रत घेऊन. मापेसाहेबांनी त्यांना दाराजवळचं स्टूल दिलं.

मापेसाहेबांनी रेकॉर्ड लावली. खरखर नाही, हेलकावे नाहीत, पाण्यासारखा स्वच्छ आवाज. आठ मुली गाऊ लागल्या. मास्तरांनी डोळे मिटले. पहिलं गाणं ऐकताना कोणी हललं नाही. दुसऱ्या गाण्याला परदेशातल्या बाईंनी सूर धरला. तिसरं सुरू झालं तेव्हा त्या आठही जणी मोठमोठ्याने गात होत्या, कोणी पुढे, कोणी मागे, मध्येच हसत, एकमेकींच्या पाठीवर थापा मारत, आणि वहिनी सगळ्यांत मोठ्याने. पहिलीच ओळ वहिनींची एकटीची होती. मापेसाहेबांना हे तेव्हा कळलं.

"शू!" स्टुलावरून डॉक्टर म्हणाले. अशा मैफलीत कोणी बोललं की ते असंच करतात. "अहो, जरा रेकॉर्ड ऐकू द्या की!"

"अहो डॉक्टर," सुपरवायझर बाई काठी आपटत म्हणाल्या, "रेकॉर्ड आम्हीच आहोत!"

डॉक्टरांनी आशेने मापेसाहेबांकडे पाहिलं. संग्राहकाचं दुःख संग्राहकालाच कळणार. मापेसाहेब उठले, प्लेअरपाशी गेले आणि त्यांनी आवाजाचं बटण हळूहळू फिरवून पार बंद केलं. मग बायकोसमोरच्या खुर्चीवर जाऊन बसले. गाणं चालूच राहिलं.